फाटकावर माणूस नाही

सावळीराम गांगुर्डे, म्हणजे आपले अप्पा, यांनी उभ्या आयुष्यात सायकलीखेरीज काहीही चालवलं नव्हतं. संसारसुद्धा आपणच चालवला असं त्यांच्या बायकोचं, विमलाबाईंचं म्हणणं आहे, आणि ते खोडून काढायची अप्पांची कधी छाती झाली नाही. अप्पांचं काम चालवायचं नव्हतंच मुळी, थांबवायचं होतं. ते रेल्वेत गेटमन होते. निफाडच्या बाजूला, कांद्याच्या वावरांमधून जाणाऱ्या रुळांवर त्यांचं फाटक होतं. शेजारी गुमटी, म्हणजे गेटमनची एवढीशी खोली, गुमटीत फोन, कोपऱ्यात लाल आणि हिरवा झेंडा. गाडी यायची झाली की स्टेशनातून फोन वाजायचा. अप्पा फाटक पाडायचे, कुलूप घालायचे आणि मास्तरला प्रायव्हेट नंबर सांगायचे. नावावर जाऊ नका, त्यात गुपितबिपित काही नाही. साधा दोन आकडी नंबर, दर खेपेला वेगळा. तो कानावर पडला की मास्तरनं समजायचं, फाटक बंद झालंय, आता गाडी सोडा. आणि नंबर एकदा दिला की दिला. मग गाडी निघून जाईपर्यंत साक्षात कुणीही आलं तरी फाटक उघडायचं नाही.

आणि कुणीही यायचं हो. विंचूरला कांदा घेऊन निघालेले ट्रॅक्टर यायचे, मुहूर्त टळत चाललेल्या वरातीच्या बस यायच्या. एकदा पांढऱ्या गाडीतून एक पुढारी आले. त्यांचा माणूस खाली उतरून म्हणाला, फाटक उघड, नाहीतर सुरगाण्याला बदली करून टाकीन. अप्पा म्हणाले, करा साहेब, तिथं रेल्वेच नाय. तो माणूस बिचारा परत गाडीत जाऊन बसला.

पण या सगळ्यांवर कडी करणारी गोष्ट म्हणजे विमलाबाईंची. त्यांना कळा सुरू झाल्या आणि शेजारच्या जीपवाल्यानं त्यांना निफाडच्या दवाखान्यात न्यायला काढलं. जीप फाटकापाशी आली तर फाटक बंद. अप्पांनी नुकताच नंबर दिलेला. गाडी दिसेना, आवाज येईना, आणि जीपमधून विमलाबाई नवऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतायत. अप्पा रडत होते, पण कुलपाला हात लावला नाही. शेवटी एक मालगाडी आली, तीही रमतगमत. मग जीप सुटली, आणि बंटी दवाखान्याच्या व्हरांड्यात, पलंगापर्यंत पोचायच्या आत जन्माला आला. तेव्हापासून भाजीत मीठ जास्त झालंय असं अप्पांनी म्हणायचा अवकाश, की फाटक निघालंच. "माझ्यासाठी उघडलं नव्हतं," एवढंच त्या म्हणायच्या. अप्पा मुकाट्यानं खारट भाजी खायचे.

अप्पा रिटायर झाले आणि त्याच सुमारास फाटकही रिटायर झालं. तिथं रुळांखालून बोगदा खणला. त्यात आता पावसाळाभर पाणी साठतं आणि ट्रॅक्टर पुन्हा थांबतात, हे ऐकून अप्पांना जरा बरं वाटलं होतं. झेंडे सरकारजमा झाले. विमलाबाईंनी एका ब्लाउजपीसचा हिरवा झेंडा शिवून दिला, कारण माणूस झेंड्यावाचून घरात नुसता घुटमळत होता. बंटीनं नाशिकरोडला दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं होतं, तिथं दोघं राहायला आले. अप्पा रोज सकाळी चौकात जायचे आणि सिग्नलचा दिवा हिरवा झाला की रिक्षावाल्यांना हात दाखवून जायला सांगायचे. रिक्षावाले तसेही चाललेलेच असायचे.

अशात बंटीचं लग्न झालं आणि स्नेहा घरात आली. ती कुठल्याशा कॉम्प्युटर कंपनीत होती आणि घरी बसूनच काम करायची. जेवणाच्या सुट्टीत ती एक यंत्र हातात धरून गेम खेळायची. दोन्ही बाजूंना धरायला मुठी, मध्ये पडदा. दिसायला खेळणं, पण आतून अख्खा कॉम्प्युटर. विमलाबाईंना आधी काळजी वाटली. सून सासूशी भांडत नाही, नवऱ्याशी भांडत नाही, नुसती खेळते, म्हणजे हिच्या तब्येतीचं बघायला पाहिजे.

एका दुपारी तिनं ते यंत्र बाजूला ठेवलं आणि विचारलं, की अप्पा, तुम्ही फाटकावर नक्की करायचात तरी काय? अप्पा चपापले. हा प्रश्न त्यांना आजवर घरात कुणी विचारलाच नव्हता. बंटीनं तर शाळेत वडिलांचा धंदा विचारला की नुसतं 'रेल्वे' सांगून वेळ मारून नेली होती. अप्पा बोलायला लागले ते स्नेहाची सुट्टी संपली तरी थांबेनात. तिनं ऑफिसची मीटिंग कानात लावली आणि दुसऱ्या कानानं प्रायव्हेट नंबर समजून घेतला. अप्पांना लेक नव्हती. असती तर ती अशीच असती, हे त्यांनी त्या दुपारी ठरवून टाकलं, आणि अप्पांनी एकदा ठरवलं की विषय संपला.

मग स्नेहानंच घोळ घातला. त्या यंत्रात एक आगगाडी चालवायचा गेम होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या जाऊ दिल्यात, आता एक स्वतः चालवा, असं म्हणून तिनं ते अप्पांच्या हातात दिलं. अप्पांनी ते तसंच हातात घेतलं नाही. आधी दाढी केली, निळा शर्ट घातला, भिंतीवरच्या बुद्धाला आणि बाबासाहेबांना हात जोडले आणि मग दिवाणावर ताठ बसून यंत्र हाती घेतलं. गाडी कुठल्यातरी बर्फाच्या मुलखातली होती. चारी बाजूंना उंच झाडं, माणूस म्हणून दिसत नाही. अप्पा वेग द्यायला शिकले, ब्रेक शिकले, भोंगा तर इतका शिकले की खालच्या मजल्यावरून निरोप आला. गाडी झकास निघाली. आणि पहिलं फाटक आलं.

फाटक बंद होतं, घंटा वाजत होती, सिग्नल हिरवा होता. दोन्हीकडे मोटारी शहाण्यासारख्या थांबल्या होत्या. अप्पांनी करकचून ब्रेक लावला.

"फाटकावर माणूस नाय," ते म्हणाले.

स्नेहानं समजावलं, की तिकडे माणूस नसतोच, सगळं आपोआप होतं. अप्पा म्हणाले, आपोआप बंद झालं हे मान्य. पण बंद झालंय हे सांगितलं कुणी? जबाबदारी कुणाची? माणूस ड्युटीवर नाही म्हणजे तो गेला कुठं, याची चौकशी आधी व्हायला पाहिजे. स्नेहा म्हणाली की सिग्नल हिरवा आहे तर ड्रायव्हरनं जायचं असतं. ते ड्रायव्हरनं, असं म्हणून अप्पांनी विषय बंद केला. पडद्यावर उशीर झाल्याची सूचना आली, मग खूप उशीर झाल्याची, आणि शेवटी गेमनंच कंटाळून गाडी रद्द केली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. त्या बर्फाच्या मुलखात पुढं स्टेशनं होती, नदीवरचा पूल होता, म्हणे डोंगरातला मोठा बोगदाही होता, पण गांगुर्ड्यांच्या घरातल्या कुणी तो पाहिला नाही. अखेर स्नेहानं उशिराची सूचनाच बंद करून टाकली. आता गाडी हवी तितकी उभी राहू शकत होती. अप्पा फाटकासमोर गाडी उभी करून, भोंगा देत, गेटमनची वाट बघत बसायचे. बाथरूमला जायचं झालं तर इंजिन बेवारस सोडता येत नाही म्हणून विमलाबाईंना बोलवायचे. त्या मेथी निवडत यंत्र मांडीवर घेऊन बसायच्या. एकदा त्यांनी विचारलंही, की आतल्या उतारूंनी सकाळपासून काही खाल्लंय का? अप्पांनी त्याचा विचारच केला नव्हता. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

समोरच्या घरात वसीम राहायचा, त्याचा टेम्पो होता. तो येऊन बघून गेला. पूर्वी लासलगावहून कांदा आणताना तो अप्पांच्या खऱ्या फाटकावर कितीदा तरी अडकला होता. त्यानं पडद्यावरच्या थांबलेल्या मोटारींकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, अप्पा, इनका दर्द मैं समझता हूं.

आणि अशा सगळ्या मौजेत, ज्याला कुणी बोलावलं नव्हतं असा तो मेल आला. स्नेहाच्या कंपनीनं घरून काम करणं बंद केलं. सगळ्यांनी बंगळूरच्या ऑफिसात हजर व्हायचं. बंटीलाही तिकडे नोकरी मिळत होती. दोघांनी जायचं ठरलं.

अप्पांनी ऐकून घेतलं. बरं झालं म्हणाले. गाव चांगलं आहे म्हणाले, जे त्यांनी पाहिलेलं नव्हतं. मग गाडी नेहमीच्या फाटकापाशी नेऊन उभी केली, यंत्र चार्जिंगला लावलं, शोकेसवर ठेवलं आणि जाहीर केलं की आता याला कुणी हात लावायचा नाही. सेक्शनमध्ये, म्हणजे दोन स्टेशनांमधल्या रुळावर, गाडी उभी आहे. सेक्शन मोकळा झाल्याशिवाय काहीही हलणार नाही.

काहीही म्हणजे काहीही, हे घराला हळूहळू कळलं. खोके भरले जायचे आणि अप्पा ते बघून म्हणायचे, भरा, पण गाडी निघाल्याशिवाय बाहेर जायचं नाय. बंटीनं आधी हसून घेतलं, मग हात जोडले, मग चिडला. गेम आहे तो, तो बंद करायचा आणि यंत्र बॅगेत टाकायचं. अप्पा म्हणाले, उतारूंचं काय? बंटीनं कपाळाला हात लावला. विमलाबाईंनी त्याला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं की तुझ्या बापाला स्नेहा जायला नको आहे, एवढं साधं तुला कळत नाही, आणि म्हणे इंजिनिअर.

सामान न्यायच्या दिवशी वसीम टेम्पो घेऊन खाली आला, वर येऊन शोकेसकडे बघितलं आणि दारातच बसला. बंटीनं विचारलं, आता काय? तो म्हणाला, अप्पा म्हणतात सेक्शन बंद आहे. वीस साल इनके फाटक पे रुका हूं, आज कैसे घुस जाऊं? बंटीला वाटलं आपण सोडून सगळ्या मजल्याला वेड लागलंय, आणि त्याचं फारसं चुकतही नव्हतं.

तेव्हा स्नेहा उठली. ती चिडली नाही, हसलीही नाही. तिनं शोकेसवरून ते यंत्र उचललं आणि अप्पांच्या समोर खाली फरशीवर येऊन बसली.

"अप्पा, फाटकावर माणूस नाही, कारण तो माणूस इंजिनात बसलाय. तुम्ही खाली उतरा. गाडी मी चालवते."

 अप्पांना हे सुचलंच नव्हतं. इतके दिवस ते ज्याच्या नावानं भोंगा देत होते, चौकशी लावायची म्हणत होते, तो ड्युटी सोडून गेलेला गेटमन ते स्वतःच होते. त्यांना एकदम शरम वाटली. आणि त्याहून मोठी शरम दुसऱ्याच गोष्टीची वाटली. आयुष्यभर त्यांनी रस्ता अडवला होता, लोकांच्या शिव्या खाल्ल्या होत्या, बायकोची जीप अडवली होती, पण ते सगळं गाडी जावी म्हणून. गाडी अडवून ठेवायचं पाप त्यांनी आजवर केलं नव्हतं.

ते उठले. गॅलरीतली कपडे वाळत घालायची लांब काठी आणली आणि बाहेरच्या दाराला आडवी लावली. एक टोक चपलांच्या रॅकवर, दुसरं खुर्चीच्या पाठीवर. मग ब्लाउजपीसचा झेंडा घेतला. नंबरांचा सरकारी कागद कधीच जमा झाला होता, तेव्हा विमलाबाईंनी आपल्या बायकांच्या भिशीतली हौजीची पिशवी आणली आणि खडखड हलवून पुढं धरली. अप्पांनी डोळे मिटून एक सोंगटी काढली.

"फाटक बंद. नंबर सदुसष्ट."

"सदुसष्ट," स्नेहा म्हणाली आणि तिनं गाडी हलवली.

नेमके त्याच वेळी बंटी आणि वसीम वॉशिंग मशीन उचलून दारापर्यंत आले होते. समोर काठी. बंटीच्या मानेच्या शिरा ताणलेल्या, वसीमचा एक पाय चपलेत आणि एक बाहेर, पण नंबर दिला होता, आता फाटक कसलं उघडतंय? विमलाबाई लेकाकडे बघून म्हणाल्या, याच्या नशिबातच हे फाटक आहे, जन्माच्या आधीपासून. अप्पांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते पडद्याकडे तोंड करून, झेंडा धरून ताठ उभे होते. गाडी फाटकातून धडधडत गेली, सगळे डबे गेले, शेवटचा डबाही गेला. स्नेहानं हात वर केला आणि ऑल राइट म्हणाली. अप्पांनी झेंडा हलवला. मग काठी काढली, वॉशिंग मशीन गेलं, खोके गेले, आणि संध्याकाळी बंटी आणि स्नेहाही गेले. यंत्र स्नेहाच्या पिशवीत होतं. गाडी पुढच्या स्टेशनात व्यवस्थित लागली होती.

घर मोकळं झालं. अप्पांनी चौकात जाणंही सोडलं. विमलाबाईंनी दोनदा मुद्दाम भाजी खारट केली, पण ते बोलले नाहीत. मग एका संध्याकाळी फोन वाजला. स्नेहाच होती. ऑफिसातून आले, गाडी घेऊन उभी आहे म्हणाली, फाटक बंद करता का? अप्पा असे उठले की चहा सांडला. काठी लागली, पिशवी खडखडली, नंबर गेला. तिकडे बंगळुरात स्नेहानं गाडी काढली आणि इकडे दुसऱ्या मजल्यावर अप्पा झेंडा धरून उभे राहिले, ती ऑल राइट म्हणेपर्यंत. तेव्हापासून रोज. मजल्यावरच्या लोकांना सवय झाली. संध्याकाळी गांगुर्ड्यांकडे कुणी आलं आणि काठी आडवी दिसली तर ते आपणहून बाहेर थांबायचे. वसीम तर आपल्या बायकोला, मेहविशला, सांगायचा की दोन मिनिटं थांब, मालगाडी असेल.

पुढं स्नेहाला दिवस गेले. विमलाबाईंनी डिंकाचे लाडू करून ठेवले, जायची तिकिटं काढली. बाळंतपणाच्या तारखेला अजून अवकाश होता.

त्या संध्याकाळी फोन नेहमीच्या वेळेच्या जरा आधीच वाजला. पण अप्पा तयारच असायचे. काठी लावलेली, सोंगटी काढलेली. फोन कानाला लावता लावताच ते म्हणाले, फाटक बंद, नंबर बेचाळीस.

पलीकडे हॉर्न वाजत होते. स्नेहाचा श्वास ऐकू येत होता. दुखत असताना माणूस बोलतो तसं, थांबत थांबत ती बोलली.

"अप्पा, आज मी गाडीवर नाही. रस्त्यावर आहे. हॉस्पिटलला निघालोय आणि लय ट्रॅफिक आहे. फाटक उघडा."

ती बहुतेक धीर यावा म्हणून थट्टाच करत असावी. अप्पांना ती थट्टा वाटली नाही. फोन विमलाबाईंच्या हातात देऊन ते दाराकडे गेले. काठीला हात घातला, आणि क्षणभर थांबले. विमलाबाई बघत होत्या. त्यांना पुढचं माहीत होतं. जीपच्या काचेतून हाच माणूस त्यांनी असाच कुलपापाशी उभा पाहिला होता.

"नंबर दिलाय ना तुम्ही," त्या म्हणाल्या.

"दिला व्हता," अप्पा म्हणाले. "रद्द केला."

आणि त्यांनी काठी उचलून सरळ उभी धरली. खाली ठेवायला तयार होईनात. ठेवली तर तिकडे बंगळुरात कुठला तरी चौक तुंबेल असं त्यांना वाटत असावं, आणि त्यांना तसं वाटत नाही असं म्हणायची सोय त्यांच्या चेहऱ्यावर नव्हती. वसीम खांद्यावर गॅसची टाकी घेऊन जिना चढून आला आणि सवयीनं दारासमोर थांबला. अप्पा म्हणाले, जा बाबा, जा, आज उघडं हाय. मग खालचे आले, वरचे आले. काय झालं विचारत दारातून आत-बाहेर करत राहिले, आणि अप्पा घामाघूम होऊन काठी धरून उभे. काठी एका बाजूला कलायला लागली तेव्हा विमलाबाई उठल्या, शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनीही काठीला हात लावला. दोघं कितीतरी वेळ तशी उभी होती. 

मग बंटीचा फोन आला. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत म्हणाला. विमलाबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो एकच.

"पलंगावर झाली ना?"

पलंगावरच झाली होती. बंटी म्हणाला, आश्चर्यच, आज सगळे सिग्नल मोकळे मिळाले. विमलाबाईंनी ते अप्पांना सांगितलं. अप्पांनी मान डोलावली, काठी गॅलरीत नेऊन ठेवली आणि तोंड धुवायला गेले. तिथं त्यांना बराच वेळ लागला.

हल्ली भाजीत मीठ जास्त झालं तर अप्पा तसं सांगतात. विमलाबाई पाण्याचा तांब्या पुढं सरकवतात आणि म्हणतात, उद्या कमी घालीन.